फेरफाराची नोंद

भोसरीच्या एका डायकास्टिंग कारखान्यातील वयोवृद्ध फोरमन एके सकाळी आमच्या प्रयोगशाळेत आले, दाराशी पायताण काढू लागले, त्याची जरूर नाही असे सांगूनही त्यांनी ते काढून भिंतीशी नीट लावून ठेवले, आणि सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेले दोन कागद काढून माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले. दोन्ही कागद एकाच जॉबचे होते. ॲल्युमिनियमच्या ओतीव पंप-आवरणाचा तळहातावर मावणारा एक तुकडा त्यांनी आधी आमच्याकडे आणि मागाहून दुसऱ्या एका प्रयोगशाळेत क्ष-किरण टोमोग्राफीसाठी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या भाषेत सीटी स्कॅनसाठी, दिला होता. धातूच्या पोटात राहून गेलेल्या पोकळ्यांचे आकारमान शेकडा किती, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे जे उत्तर माझ्या सहीच्या अहवालात होते त्याच्या जवळजवळ दीडपट उत्तर दुसऱ्या अहवालात होते. करारात ठरलेली मर्यादा नेमकी त्या दोन आकड्यांच्या दरम्यान पडत होती. माझा कागद प्रमाण मानला तर तो सबंध लॉट पास होता, आणि दुसरा कागद प्रमाण मानला तर तो पुन्हा भट्टीत जाण्याच्या लायकीचा होता.

"साहेब," ते म्हणाले, "जॉब एकच. फडक्यात बांधून मीच दोन्हीकडं नेला. मधल्या दिवसांत त्याच्या पोटात नवा ब्लोहोल काही उगवला नाही. मग आम्ही खरं कुठलं धरायचं?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ असावयास हवे होते, आणि ते नव्हते. अहवाल होता, अहवालात पोकळ्या तांबड्या रंगाने दाखविणारे एक देखणे चित्र होते, खाली माझी सही आणि कार्यालयाची मोहोर होती. परंतु मूळ छायाचित्रांपासून त्या आकड्यापर्यंत मी कोणत्या वाटेने गेलो, वाटेत कोठे कोणता निर्णय केला आणि तो कोणत्या कारणास्तव केला, याचा एका ओळीचाही कागद माझ्या दप्तरी नव्हता. या कामात तोवर माझी अकरा वर्षे गेली होती आणि अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, ही सबब मी त्या दिवशी मनाशी पुढे केली आणि मनानेच ती फेटाळली.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांची अशी स्वाभाविक समजूत असते की, क्ष-किरणांनी वस्तूच्या आतले चित्र काढले म्हणजे ते कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोइतकेच सरळ असते, आणि चित्रात जे दिसते ते मोजले की काम संपले. राँटगेनने 1895 साली आपल्या पत्नीच्या हाताची जी सुप्रसिद्ध छाया घेतली तिच्याबाबत ही समजूत बऱ्याच अंशी खरी आहे; परंतु छायेमध्ये पुढची व मागची वस्तू एकमेकींवर चढलेली असते, आणि ती सोडवून प्रत्येक बिंदूला त्याच्या मूळ जागी बसवावयाचे तर वस्तू थोडीथोडी फिरवून अनेक छाया घ्याव्या लागतात व गणिताने त्यांचा मेळ घालावा लागतो. असा मेळ घालता येतो हे योहान रॅडॉन या गणितज्ञाने 1917 साली सिद्ध करून ठेवले होते, आणि माणसाच्या मेंदूवर त्याचा पहिला प्रयोग लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात 1 ऑक्टोबर 1971 रोजी हाऊन्सफील्डच्या यंत्राने झाला. आमच्या यंत्रात माणसाच्या जागी धातूचा तुकडा असतो, आणि क्ष-किरणांची नळी व छाया टिपणारा पडदा फिरण्याऐवजी तो तुकडाच चकतीवर फिरतो. शिशाचे अस्तर लावलेल्या कपाटाचे दार बंद झाले की चकती 0.18 अंशाने फिरते, थांबते, छाया घेतली जाते, पुन्हा फिरते. अशा 2,000 छाया पुऱ्या झाल्या म्हणजे एक फेरा होतो. चार सेंटिमीटर रुंदीची वस्तू 2,000 स्तंभांच्या पडद्यावर मावविली तर वस्तूचा जो सर्वांत लहान घन आपल्याला वेगळा ओळखता येतो, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, त्याची बाजू 20 मायक्रॉन भरते, आणि अशा आठ अब्ज घनांना प्रत्येकी करड्या रंगाची एक छटा मिळते. त्या छटांची संख्या 65,536 असू शकते. शुभ्राच्या जवळची छटा म्हणजे धातू, काळ्याच्या जवळची म्हणजे हवा. मधल्या असंख्य छटा म्हणजे काय, हे यंत्र सांगत नाही, ते माणसाने ठरवावयाचे असते.

आणि ते ठरविण्यापूर्वीही माणसाने बरेच काही ठरवून टाकलेले असते. क्ष-किरण बंद असताना पडद्यावर जे उमटते ते वजा करावे लागते, समोर वस्तू नसताना जे उमटते त्याने भागावे लागते, आणि मग लॉगॅरिदम घ्यावा लागतो. पडद्यावरचा एखादा बिंदू बिघडलेला असेल तर वस्तू फिरत असताना तो आपला दोष वर्तुळाच्या रूपाने चित्रात काढून ठेवतो, ती वलये पुसावी लागतात, आणि पुसताना वलयासारख्या आकाराचा खराच एखादा तडा पुसला जाणार नाही ना याची चिंता वाहावी लागते. याहूनही कपटी दोष किरणांच्या स्वभावातच आहे. आमच्या नळीतून निघणारा किरण एका शक्तीचा नसतो. त्यात दुबळे व सबळ असे सर्व प्रकारचे किरण एकत्र असतात, धातूत शिरताच दुबळे आधी शोषले जातात आणि पुढे गेलेला झोत सरासरीने अधिक कणखर होऊन बाहेर पडतो, त्यामुळे जाड भागातून गेलेला झोत जेवढा क्षीण व्हावयास हवा तेवढा होत नाही आणि पूर्णपणे एकजिनसी असलेल्या धातूचाही मध्यभाग कडेपेक्षा काळपट दिसू लागतो. नळीपुढे तांब्याचा पातळ पत्रा धरून हा दोष काही अंशी टाळता येतो आणि उरलेला गणिताने सुधारता येतो. परंतु सुधारणा किती करावयाची याचा आकडा प्रत्येक माणूस आपल्या नजरेने घालतो. जास्त घातला तर मध्यभाग उजळ व कडा काळपट होते, आणि मग कडेच्या निर्दोष धातूत पोकळ्या दिसू लागतात.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. छायांचा मेळ घालण्यापूर्वी प्रत्येक छायेला एका विशिष्ट गाळणीतून काढावे लागते, नाही तर सर्व चित्र धुके पडल्यासारखे पुसट होते. आणि त्या गाळण्यांच्या यादीत, जगातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकप्रणालीत, 'राम-लॅक' हे नाव असते. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाला ते कोणा परदेशी गृहस्थाचे नाव वाटत असे. ते गो. ना. रामचंद्रन व अ. वें. लक्ष्मीनारायणन या आपल्या दोघा शास्त्रज्ञांच्या नावांचे संक्षिप्त रूप आहे, आणि त्यांचा या पद्धतीवरील निबंध 1971 सालचा, म्हणजे लंडनमधील त्या पहिल्या स्कॅनच्याच वर्षाचा आहे, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो क्षणभर पडद्याकडे पाहत राहिला. कोलॅजेनची तिपेडी रचना उलगडणारे तेच हे रामचंद्रन. त्यांची पद्धत कोणालाही वाचता येते, पडताळता येते आणि कागदावर करूनही पाहता येते. म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली, असे माझे मत आहे.

त्या दोन कागदांकडे परत येतो.

दैव एवढे बरे की मूळ छाया आम्ही पुसून टाकल्या नव्हत्या, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेनेही त्यांच्या जपून ठेवल्या होत्या. तेथे हे काम पाहणाऱ्या डॉक्टर बाईंना मी दूरध्वनी केला तेव्हा त्या आपली बाजू सावरून बोलतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी उलट येत्या शनिवारी मी तिकडे येऊ की तुम्ही इकडे येता, एवढेच विचारले. त्या शनिवारी दोघे एका टेबलाशी बसलो, आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत आम्हांला काहीच सापडले नाही, कारण जे जे एकमेकांना विचारावे ते ते सारखेच निघत होते. "सर, उंबरठा तुम्ही हातानं लावला होता का?" त्यांनी विचारले. धातू व पोकळी यांच्यामधील सीमेची जी छटा ठरवावयाची तिला आम्ही थ्रेशोल्ड किंवा उंबरठा म्हणतो. मी म्हणालो, नाही, ओत्सु. "मीही ओत्सुच," त्या म्हणाल्या.

नोबुयुकी ओत्सु यांची 1979 सालची ही पद्धत आमच्या व्यवसायात घरोघरी वापरली जाते. सर्व व्हॉक्सेलांच्या छटांची मोजदाद करून आलेख काढला की त्याला दोन उंचवटे येतात, एक हवेचा व एक धातूचा. त्या दोन गटांमधील भेद ज्या जागी जास्तीत जास्त ठरेल ती जागा ही पद्धत आपोआप शोधते, आणि माणसाचा हात मध्ये येत नाही म्हणून ती निःपक्षपाती मानली जाते. दोघांनी एकच पद्धत लावली, दोघांनीही प्रामाणिकपणे लावली, मग उंबरठे निराळे कसे आले? दोन्ही पडद्यांवरचे आलेख शेजारी ठेवून पाहत असताना बाईंनीच बोट ठेवले. माझ्या आलेखाला दोन उंचवटे होते. त्यांच्या आलेखाला एकच उंच डोंगर आणि त्याच्या डाव्या पायथ्याशी जेमतेम दिसणारा एक उतार होता. मी मोजदाद करताना तुकड्याभोवतीची मोकळी हवा धरली होती. त्यांनी ती कापून टाकून फक्त तुकडाच घेतला होता. हवा धरली की दोन्ही गट भरघोस होतात आणि उंबरठा त्यांच्या साधारण मध्यावर पडतो. हवा वगळली की काळ्या गटात फक्त पोकळ्या उरतात, त्यांचा वाटा इतका अल्प असतो की गणिताला तो गटच नीट दिसत नाही, आणि उंबरठा सरकत सरकत धातूच्या डोंगरात शिरतो. मग प्रत्येक पोकळीची कडा फुगते आणि धातूतील निव्वळ गोंगाटाचे, म्हणजे छटांच्या निरर्थक चढउताराचे, काळे ठिपकेही पोकळ्यांत जमा होतात.

कडा फुगल्याने किती फरक पडतो, हे ज्यांनी स्वतः मोजून पाहिले नाही त्यांना ते खरे वाटत नाही. दहा व्हॉक्सेल व्यासाची एक गोल पोकळी घ्या आणि तिची सीमा सर्व बाजूंनी केवळ अर्धा व्हॉक्सेल बाहेर सरकवा. त्रिज्या पाचाची साडेपाच होते, आणि आकारमान 33 टक्क्यांनी वाढते. पडद्यावर हा अर्धा व्हॉक्सेल डोळ्यांना दिसत नाही.

याचा अर्थ माझा आकडा बरोबर होता असे मानण्याचा मोह मला तासभर झाला. तो तासभरच टिकला, कारण आपल्या मूळ छायांवरून मीच जेव्हा माझे चित्र नव्याने तयार करावयास घेतले तेव्हा ते जुन्या चित्राशी जुळेना. जुन्यात बारीक पोकळ्या नव्हत्या आणि नव्यात त्या होत्या. गोंगाट कमी करण्यासाठी मी मध्यक गाळणी वापरली होती, आणि वापरली होती हे विसरलो होतो. ही गाळणी प्रत्येक व्हॉक्सेलाभोवतीचे तीन गुणिले तीन गुणिले तीन असे सत्तावीस व्हॉक्सेल घेते, त्यांच्या छटा चढत्या क्रमाने लावते आणि चौदावी, म्हणजे बरोबर मधली छटा त्या जागी ठेवते. एकाकी ठिपका सत्तावीसांत कधीच चौदावा येत नाही, म्हणून तो जातो. तोच तिचा गुण. आम्ही आलेखाच्या कागदावर पेन्सिलने चौकोन भरून पाहिले. दोन व्हॉक्सेल बाजूची घनाकार पोकळी, म्हणजे आठ काळे व्हॉक्सेल: सत्तावीसांच्या कोणत्याही खिडकीत फार तर आठच काळे येतात, चौदा होत नाहीत, पोकळी पुरती नाहीशी. तीन व्हॉक्सेल बाजूची, म्हणजे सत्तावीस काळे: कोपऱ्यावरच्या व्हॉक्सेलाला स्वतःसह आठ काळे मिळतात, तो जातो, कडेवरच्याला बारा, तोही जातो, मधोमधचा एक आणि सहा पृष्ठांचे सहा एवढेच शिल्लक राहतात. सत्तावीसांचे सात झाले. बाईंनी ते सात चौकोन पेन्सिलने गोल करून कागद माझ्याकडे सरकवला, आणि दोघेही काही वेळ बोललो नाही. साठ मायक्रॉनची पोकळी एका बटणाने जवळजवळ पाऊण नाहीशी झाली होती, आणि ते बटण दाबल्याची कोठे नोंद नव्हती.

थोडक्यात, त्यांचा उंबरठा चुकला होता आणि माझी गाळणी चुकली होती. पुढील आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून तो तुकडा कापला, पॉलिश पेपरच्या एकेका नंबराने घासत नेला आणि शेवटी हिऱ्याच्या लेपाने चकचकीत केला. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे घाईने घासले तर धातूच पोकळ्यांवर सारवला जातो व त्या झाकतो, म्हणून ते काम दोन दिवस चालले. सूक्ष्मदर्शकाखाली वायूच्या गोल, गुळगुळीत पोकळ्या निराळ्या आणि धातू थिजताना आकसल्यामुळे पडलेल्या दातेरी पोकळ्या निराळ्या स्पष्ट दिसल्या. त्या प्रतलाशी आम्ही चित्रातले तेच प्रतल ताडून पाहिले आणि ज्या उंबरठ्याला दोन्ही जुळतात तो गाळणीशिवाय वापरला. जो आकडा आला तो दोन्ही अहवालांच्या मधला, आणि करारातील मर्यादेच्या आतला होता. तोवर लॉट वितळला होता. फोरमनना मी ते कळविले तेव्हा त्यांनी "बरं झालं कळलं" एवढेच म्हटले, आणि त्या तीन शब्दांत राग नव्हता हेच मला अधिक लागले.

माझे वडील सातारा जिल्ह्यात तलाठी होते. आमच्या लहानपणी त्यांचे दप्तर लाल रुमालात बांधलेले घरीच असे, आणि त्याला हात लावण्याची आम्हां मुलांना मनाई असली तरी ते काम करीत असता शेजारी बसून पाहण्याची मोकळीक असे. सातबाराच्या उताऱ्यावर जमीन कोणाची हे लिहिलेले असते हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु तो उतारा केवळ आजची स्थिती सांगतो, आणि ती स्थिती कशी आली हे गाव नमुना 6 मध्ये, फेरफाराच्या नोंदवहीत असते. विक्री, वारस, वाटणी, बोजा, जे काही घडेल त्याला क्रमांक पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत घेण्यास मुदत असते, आणि मग वरचा अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो किंवा नामंजूर करतो. उताऱ्यावरचे जुने नाव तेव्हा खोडावयाचे नसे. त्याला कंस करावयाचा आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक घालावयाचा, म्हणजे कंसातले नावही वाचता येई आणि ते का गेले हेही शोधता येई. एकदा एक बाई माहेरच्या जमिनीतील आपले नाव शोधीत आल्या होत्या. वडिलांनी उताऱ्यावरील क्रमांकावरून मागचा फेरफार, त्यावरून त्याच्या मागचा, असे एकेक पान उलटीत जाऊन ज्या वारसनोंदीत भावांची नावे चढली व बहिणीचे राहून गेले ते पान त्यांच्यापुढे उघडे धरले. बाईंना वाचता येत नव्हते, तरी त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून पाहिले. "खोडाखोड केली असती तर आज हे पान मुकं असतं," असे वडील मला त्या रात्री म्हणाले होते.

लॉट वितळल्याचे कळले त्या रात्री मला ते पान आठवले, आणि दुसऱ्या दिवशी मी एक जाड बांधणीची वही विकत आणली.

पहिले वर्षभर आमची नोंद त्या वहीतच हाताने होत असे. पुढे ती संगणकावर गेली, पण तिचा साचा वडिलांच्या दप्तराचाच राहिला. मूळ छायांना कोणी हात लावावयाचा नाही. त्या ज्या दिवशी येतात त्याच दिवशी त्यांचा संगणकी ठसा, ज्याला हॅश म्हणतात, काढून नोंदविला जातो, आणि एका बिंदूची एक छटा जरी पुढे बदलली तरी ठसा जुळत नाही. कागदावरच्या अंगठ्याप्रमाणेच तो साक्षीला उभा राहतो. त्यानंतरच्या प्रत्येक क्रियेला फेरफार क्रमांक पडतो, आणि त्या क्रमांकापुढे काय केले, कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीने केले, कोणते आकडे घातले, कशासाठी केले आणि केल्याने अंतिम आकडा किती हलला, हे लिहिले जाते. सोळा बिटांचे चित्र आठ बिटांचे करताना 65,536 छटांच्या 256 होतात. त्या वेळी काळ्याची व पांढऱ्याची टोके कोठे धरली हे न लिहिल्यास पुढचा सारा हिशेब निराधार होतो, आणि बहुतेक अहवालांत मला ही एक ओळ आजही आढळत नाही. जे करून पाहिले आणि सोडून दिले तेही वहीत राहते. 'फेरफार 7: मध्यक गाळणी, 3 × 3 × 3. लहान पोकळ्या नष्ट. नामंजूर.' अशी एक नोंद मी त्याच पंप-आवरणाच्या प्रकरणात, मागाहून का होईना, स्वतःच्या हाताने केली आहे.

साधनांची निवडही या शिस्तीला धरूनच करावी लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅस्बंड यांनी घडविलेली इमेजजे ही प्रणाली फुकट मिळते म्हणून पुष्कळ लोक वापरतात. मी ती वापरू लागलो ते तिचा प्रत्येक अंतर्भाग उघडून वाचता येतो म्हणून, आणि तिच्यात एक कारकून बसविलेला आहे म्हणून. मॅक्रो रेकॉर्डर सुरू केला की आपण जी जी आज्ञा देतो ती आकड्यांसह आपोआप लिहून निघते, आणि ते टिपण दुसऱ्याच्या हाती दिले तर त्याला तीच वाट पावलापावलाने पुन्हा चालता येते. याउलट काही महागड्या प्रणालींत 'सुधारणा' अशा गोड नावाचे एखादे बटण असते, ते दाबले की चित्र फार देखणे होते, आणि आत काय झाले हे विचारले तर ते व्यापारी गुपित आहे असे उत्तर येते. देखणेपणाशी आमचे भांडण नाही. परंतु ज्या आकड्यावर कोणाचा लॉट भट्टीत जावयाचा आहे त्या आकड्याच्या वाटेत गुपित असू नये, आणि असे बटण मी अहवालाच्या कामी वापरू देत नाही.

अलीकडे हा प्रश्न अधिकच बिकट झाला आहे. 2015 साली यू-नेट नावाची जी कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यांची रचना पुढे आली तिने पोकळ्या वेगळ्या काढण्याचे काम खरोखर सोपे केले आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. एकमेकींना चिकटलेल्या दातेरी पोकळ्या ती माझ्याहून चांगल्या ओळखते. पण तिला शिकविताना ज्याने पोकळ्यांच्या कडा हाताने रंगविल्या त्याचा अर्धा व्हॉक्सेल तिच्या प्रत्येक उत्तरात उतरतो. तेव्हा रंगविलेली ती चित्रे, रंगविणाराचे नाव आणि शिकून झालेले जाळे, या तिन्ही वस्तू आमच्या दप्तरात मूळ छायांच्या शेजारी राहतात, आणि शिकविणाऱ्या दोघांनी एकच चित्र स्वतंत्रपणे रंगवून आपसांतला फरक आधी नोंदवावा असा नियम आहे.

या सगळ्याला वेळ लागतो. एका पानाचा अहवाल चार पानांचा झाला, आणि एका आकड्याच्या जागी आम्ही आता आकडा व त्याचा हलावा, म्हणजे उंबरठा थोडा अलीकडे वा पलीकडे घेतला तर तो कोठवर जातो, असे दोन्ही देतो. सुरुवातीला काही गिऱ्हाईके दुरावली. एका वरिष्ठांनी मला असेही सुनावले की, गिऱ्हाईक निकाल मागते, तुमची रोजकीर्द मागत नाही. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही मला ते कधी पटले नाही. निकाल ज्याच्या विरुद्ध जातो तो रोजकीर्द मागतोच, आणि त्या दिवशी ती तयार नसेल तर मागाहून तयार करता येत नाही, हे मी एकदा अनुभवले आहे. डॉक्टर बाईंच्या प्रयोगशाळेत आता हाच साचा चालतो. वर्षातून एकदा आम्ही एकमेकांच्या मूळ छाया व फेरफाराची टिपणे मागवून घेतो आणि कोरी पाटी धरून तोच आकडा काढून पाहतो. जुळला नाही तर कोणत्या फेरफारापाशी वाट फुटली हे बहुधा त्याच दिवशी सापडते.

पंप-आवरणाचा तो कापलेला तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि त्याच्या मूळ छाया, ठशासह, दोन ठिकाणी जतन आहेत. वाचकांपैकी कोणाचा कारखाना असेल, कोणी बांधकामातील काँक्रीटची किंवा खडकांची अशी चित्रे काढवून घेत असतील, कोणी संशोधक दुसऱ्याच्या निबंधातील असा आकडा आपल्या निबंधात उतरवून घेणार असतील, त्या सर्वांना माझी विनंती आहे की, आकडा वाचण्यापूर्वी मूळ छाया आणि फेरफाराची नोंद मागून घ्यावी. ती मिळाली तर आपल्या माणसाकडून एकदा पडताळावी, आणि मिळाली नाही तर तो अहवाल परत करावा.